एका खुर्चीला पाच माणसे

पोळ्याच्या आसपासचे दिवस होते. सकाळपासून पिरपिरणारा पाऊस दुपारी थांबला होता आणि हवेत नुसती उकड उरली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोरच्या औषधांच्या दुकानात मी मामांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला उभी होते. माझ्या पुढे एक तरुण बाई होती. तिच्या कडेवर वर्ष-सव्वा वर्षाचा मुलगा आणि हातात डास पळवणाऱ्या औषधाची छोटी बाटली, तीच, जी भिंतीवरच्या यंत्रात फिरवून बसवतात. तिने ती काउंटरवर ठेवली आणि विचारले, ‘‘दादा, पोरानं हे तोंडात घातलं होतं. काही होते का?’’ मुलगा मजेत होता; त्याच्या हनुवटीवर काहीतरी तेलकट चमकत होते आणि तो दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरकडे हात करत होता. दुकानातल्या तरुणाने मोबाइलचा दिवा लावून बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरे वाचायला घेतली. त्याला हवी ती ओळ सापडली. प्रतिविष : विशिष्ट प्रतिविष नाही, लक्षणांनुसार उपचार करावेत. त्याने ती मोठ्याने वाचली आणि मग आपण हे मोठ्याने वाचायला नको होते, असे काहीसे त्याच्या चेहऱ्यावर उमटले.

त्यानंतर रांगच बोलू लागली. एकाने मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला सांगितले, एका आजींनी दूध सुचवले, कोणी केळे म्हणाले, तर कोणी एवढ्याशाने काही होत नाही म्हणून हसले. दुकानातला तरुण म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही सरकारी दवाखान्यात न्या.’’ तिने पुन्हा विचारले, ‘‘नेते ना, पण काही होते का?’’ त्याला उत्तर देता आले नाही. ती ऑटोत बसून गेली, रांग पुढे सरकली आणि मी गोळ्यांची पट्टी घेऊन बाहेर आले. मुलाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. बहुधा काहीच झाले नसावे.

पण तिचा प्रश्न माझ्याबरोबर आला.

कारण त्या प्रश्नाला उत्तर होते. अशा बाटलीत डास मारणारे रसायन फार थोडे असते. उरलेला जवळजवळ सगळा भाग वास काढून टाकलेल्या रॉकेलसारख्या द्रावणाचा असतो. लहान मुलाने ते चाटले किंवा त्याचा घोट घेतला, तर पोटापेक्षा फुप्फुसांची काळजी अधिक करायची असते, आणि म्हणून उलटी काढणे ही त्या दुकानात दिली गेलेली सर्वांत धोकादायक सूचना होती. उलटीबरोबर ते द्रावण श्वासनलिकेत उतरू शकते. मिठाच्या पाण्याचा धोका आणखी वेगळा, कारण एवढ्याशा जिवाच्या रक्तातले मीठ त्याने भलतेच चढू शकते. ज्याला हे ठाऊक आहे, त्याने तिला चार प्रश्न विचारले असते. बाटलीतले किती कमी झाले आहे? मूल खोकते आहे का? श्वासाला घरघर आहे का? गुंगी येते आहे का? मग त्याने सांगितले असते की तोंड पुसा, काही पाजून उलटी काढू नका, आणि खोकला किंवा धाप दिसली तर क्षणही न दवडता दवाखाना गाठा. दोन-तीन मिनिटांचे काम. दिल्लीच्या एम्समध्ये औषधशास्त्र विभागात १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे आणि १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर ते दिवसरात्र हेच काम करते. त्या रांगेतल्या कोणाच्याही फोनमध्ये तो क्रमांक नव्हता, दुकानाच्या भिंतीवरही नव्हता. भिंतीवर उधारी बंद असल्याची पाटी होती आणि एका मलमाच्या कंपनीने दिलेले गणपतीचे कॅलेंडर होते.

त्या केंद्राकडे १९९९ ते २००२ या काळातल्या तीन वर्षांत आलेल्या फोनांचा एक अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत आलेले फोन सुमारे २,७००. एवढ्या मोठ्या देशातून दिवसाला तीनही नव्हेत. त्यांतले ४४ टक्के फोन घरगुती वस्तूंबद्दलचे होते, आणि शेतीच्या कीटकनाशकांबद्दलचे होते १३ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे वाचून आपल्या देशात शेतीच्या विषापेक्षा फिनाइलचा त्रास जास्त असे कोणी म्हटले, तर यवतमाळची कोणतीही बाई त्याला वेड्यात काढील. त्या आकड्यांतून दिसते ते इतकेच की शहरातला माणूस फोनपर्यंत पोचतो आणि फवारणी करणारा पोचत नाही.

मामा १९७० च्या दशकापासून एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंपाउंडर होते. मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जात असे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला स्पिरिटचा वास यायचा आणि खिशात ॲम्प्यूल कापायची छोटी करवत असायची. त्या काळी आमच्या भागात शेतातल्या कुठल्याही विषाला एंड्रीनच म्हणत. माणूस बैलगाडीत घालून आणला, की बरोबरचे लोक सांगत, ‘‘एंड्रीन पेला.’’ त्याने खरोखर एंड्रीन घेतले आहे की दुसरे काही, हे त्या एका शब्दावरून कळायला मार्ग नसे, आणि फरक तर जीवनमरणाचा होता. एंड्रीनने झटके येत. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या विषाने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत, तोंडातून लाळ गळे, छाती भरून येई. त्याला ॲट्रोपिन लागे, तेही भरपूर. पहिल्याला ॲट्रोपिनचा उपयोग नाही आणि दुसऱ्याला ॲट्रोपिन मिळाले नाही तर माणूस आपल्याच कफात बुडतो. डॉक्टर नुकतेच शिकून आलेले, बहुधा बंधपत्रावर, आणि रात्रीची वेळ. ते आधी बाहुल्या बघत, मग रुग्णाच्या तोंडाचा वास घेत, आणि मग कंपाउंडरच्या तोंडाकडे बघत. हे मामा सांगतात तेव्हा त्यात कसलाही अभिमान नसतो. ‘‘मले काय माहीत होतं? मी सातवी पास,’’ एवढेच म्हणतात.

ॲट्रोपिनच्या काचेच्या कुप्या एकामागून एक फुटत. केंद्रातला साठा संपला की नातेवाइकांना चिठ्ठी देऊन सायकलवरून तालुक्याला पिटाळायचे. मात्रा पुरेशी झाल्याची खूण त्या काळी अशी मानत, की नाडी पळू लागते, जीभ कोरडी पडते, बाहुल्या फाकतात, आणि रुग्ण बडबडत हवेतून काहीतरी वेचू लागतो. त्या वेचण्याने बायका घाबरून रडू लागत. मामा त्यांना सांगत, रडू नका, औषध लागू पडले आहे. मग फाटक्या लुगड्याच्या पट्ट्यांनी रुग्णाचे हात खाटेला बांधायचे, कारण तो सलाइनची सुई ओढून काढी. लहानपणी एकदा मी त्या खोलीच्या दारातून आत पाहिले होते. रॉकेल आणि कुजका लसूण एकत्र केल्यासारखा तो वास आजही कपाशीच्या शेताजवळून जाताना आला, की माझी पावले आपोआप भरभर पडतात. त्या केंद्रात एक काळा टेलिफोन होता, कुलूप लावलेला. तो लसीकरणाच्या उद्दिष्टांची विचारणा करण्यासाठी वाजत असे.

तरुण डॉक्टरला त्या रात्री हवा असलेला माणूस कुठेतरी असायचाच. मोठ्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात कोणीतरी प्राध्यापक शेकडो असे रुग्ण पाहून बसलेला असे. दोघांच्या मध्ये तार होती, पण व्यवस्था नव्हती. सरकारी मदत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते, नाहीतर धनादेश येतो. विष माहिती केंद्र म्हणजे मुळात एक माणूस, एक खुर्ची, एक फोन आणि नीट लावलेली माहिती. तिचे उद्घाटन करायला गेले तर फीत कुठे बांधायची, हाही प्रश्नच आहे. कदाचित म्हणूनच कोणी करत नसावे.

ही खुर्ची पहिल्यांदा मांडली गेली ती शिकागोत, १९५३ मध्ये, आणि त्यामागे एक औषधनिर्माता होता हे वाचून मला फार बरे वाटले होते. लुई ग्डालमन हे तिथल्या सेंट ल्यूक्स रुग्णालयातले फार्मासिस्ट. घरातल्या साबणांत, रंगांत, उंदराच्या औषधांत नेमके काय असते, हे ते कितीतरी वर्षे लहान लहान कार्डांवर लिहून ठेवत आले होते, आणि आसपासचे डॉक्टर त्यांना वेळी-अवेळी फोन करत. बालरोगतज्ज्ञांनी आरडाओरडा केल्यावर या सवयीचे केंद्र झाले. मग अमेरिकेत अशा केंद्रांचे पेव फुटले. १९७८ मध्ये ती ६६१ होती. त्यांतल्या कित्येकांत म्हणे कार्डांचा खण आणि तातडीच्या विभागातली हाताला लागेल ती परिचारिका, एवढेच होते. पुढे ती एकत्र करून प्रादेशिक केंद्रे उभी केली गेली, आणि आज पन्नासच्या वर केंद्रे साऱ्या देशाला पुरतात. २००० मध्ये तिथल्या संघराज्य सरकारने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करून निधी दिला. २००२ पासून देशभर एकच क्रमांक आहे, तो फिरवला की जवळच्या केंद्रात घंटा वाजते. तरीही खर्चाचा मोठा वाटा राज्ये आणि रुग्णालयेच उचलतात, आणि अंदाजपत्रकाला कात्री लागायची वेळ आली की या केंद्रांकडे पहिल्यांदा बघितले जाते.

का बघितले जाते, हे मला लुइझियानाच्या गोष्टीत सापडले. त्या राज्याने १९८८ मध्ये आपले विष केंद्र बंद केले. पैसे वाचले असे कागदावर दिसले. पुढे अभ्यास झाला तेव्हा आढळले की पूर्वी ज्यांना घरीच राहा म्हणून फोनवर सांगितले गेले असते, ते आता मुलाला उचलून थेट रुग्णालय गाठत होते, आणि त्या फेऱ्यांचा खर्च केंद्राच्या खर्चापेक्षा जास्त होता. अमेरिकेत या फोनांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांना दवाखान्यात जावेच लागत नाही. म्हणजे या केंद्राचे सर्वांत मोठे उत्पादन म्हणजे न झालेली फेरी, आणि ती कोणत्या रकान्यात लिहायची हे कोणत्याही लेखापालाला शिकवलेले नसते. आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. तिच्या किती फेऱ्या झाल्या, किती रुग्ण पोचवले, याची आकडेवारी मंत्री विधानसभेत सांगू शकतात. ‘तुम्ही घरीच थांबा, मी अर्ध्या तासाने पुन्हा फोन करतो’ हे एखाद्या आईला किती वेळा सांगितले, याची आकडेवारी सांगायला उभे राहणारा मंत्री मला अजून दिसलेला नाही.

आणि २०१७ साल तर इथे कोणी विसरलेले नाही.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली, मग कपाशी अशी वाढली की माणसाच्या डोक्यावर गेली. पाठीवरच्या पंपातून फवारलेले औषध झाडावर पडून फवारणाऱ्याच्या तोंडावर उलटत होते. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. दुकानदार सांगेल ते मिश्रण, दुकानदाराला कंपनीचा माणूस सांगेल ते. फवारणारे बरेचसे मजूर होते, रोजंदारीवर या शेतातून त्या शेतात जाणारे, भर उन्हात अंगात एक जुना सदरा. जुलै-ऑगस्टपासून एकेक जण दवाखान्यात येऊ लागला. डोळ्यांपुढे अंधार, उलट्या, छातीत घरघर. काही जण इतके अस्वस्थ होत की त्यांना खाटेला बांधावे लागे. मामांनी वर्तमानपत्रातला तो फोटो बराच वेळ चष्म्याजवळ धरला होता आणि काही न बोलता घडी घालून ठेवला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यांत दाखल झाली. ऑक्टोबर उजाडला तेव्हा मुंबईच्या वाहिन्यांना जाग आली. मग विशेष तपास पथक नेमले गेले, मृतांच्या कुटुंबांना दोन-दोन लाख रुपये जाहीर झाले, आणि नोव्हेंबरमध्ये अमरावती विभागात पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी आली, तोवर त्या हंगामाची फवारणी जवळजवळ आटोपली होती.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचते ते हे, की रुग्णाच्या अंगात नेमके कोणते विष आहे, हे उपचार करणाऱ्यांना नीट कळत नव्हते. सेंद्रिय फॉस्फरसचा परिणाम ओळखण्यासाठी रक्तातल्या कोलिनएस्टरेजची चाचणी करावी लागते. तिची सोय जिल्ह्यात वेळेवर मिळाली नाही. दोन-तीन औषधांच्या मिश्रणावर तर एकच एक उतारा नसतोच. म्हणजे एंड्रीनच्या काळातली ती रात्र, तोच वास, तीच बाहुल्यांची तपासणी, चाळीस वर्षांनी मोठ्या इमारतीत पुन्हा घडत होती. समजा, त्या वेळी विदर्भासाठी एखादे केंद्र चालू असते, आणि तालुक्यातालुक्यातले डॉक्टर अवघड रुग्णाबद्दल तिथे विचारत असते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्या खुर्चीवरच्या माणसाच्या वहीत एकाच जिल्ह्यातले, एकाच तऱ्हेच्या मिश्रणाचे दहा-पंधरा फोन झाले असते आणि त्याला उठून कृषी अधिकाऱ्याला फोन करावासा वाटला असता. केंद्राचा हा दुसरा उपयोग उत्तर देण्याइतकाच मोठा आहे. कायद्यात त्याची जागासुद्धा आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने विषबाधेच्या घटना कळवणे सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. अधिकार आहे, पण घटना ज्याला कळवायच्या तो माणूस खुर्चीवर बसलेला हवा ना.

शेजारच्या श्रीलंकेने हे केले. कोलंबोच्या राष्ट्रीय रुग्णालयात १९८८ पासून विष माहिती केंद्र आहे. त्या देशात डॉक्टर आणि कीटकनाशकांचा निबंधक एकमेकांशी बोलत होते. कोणत्या औषधाने माणसे दगावतात हे रुग्णालयांतून वर कळत होते आणि त्यानुसार १९९५ पर्यंत सर्वांत जहाल गट बाजारातून काढला गेला, मग आणखी काही औषधे टप्प्याटप्प्याने गेली. पुढच्या वीसेक वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले आणि भाताचे उत्पादन त्यामुळे घटल्याचे दिसले नाही. आमच्याकडे मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा निर्णय यायला २०२३ उजाडले. श्रीलंका काही श्रीमंत देश नव्हता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दिल्लीत एक केंद्र आहे, मग प्रत्येक प्रदेशात वेगळे कशाला, असे एका हिशेबी मित्राने मला विचारले होते. त्याला मी चंद्रज्योतीच्या बियांची आठवण करून दिली. दर पावसाळ्याच्या आगेमागे कुठल्या तरी जिल्ह्यातून बातमी येतेच की शाळेतल्या मुलांनी चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्या आणि पंधरा-वीस मुलांना उलट्या सुरू झाल्या. कुठे तिला मोगली एरंड म्हणतात. कुंपणाला लावतात, गुरे तोंड लावत नाहीत म्हणून. वीस वर्षांपूर्वी तिच्यापासून डिझेल काढायचे म्हणून सरकारनेच गाजावाजा करून पडीक जमिनींवर ती लावायला लावली होती. बी शेंगदाण्यासारखे चवीला गोडसर लागते. मुले सहसा सलाइन आणि देखरेख मिळाली की दुसऱ्या दिवशी घरी जातात, पण शाळेतल्या बाईंनी घाबरून फोन केला तर पलीकडच्या माणसाला चंद्रज्योत म्हटल्याबरोबर झाड डोळ्यांपुढे यायला हवे. बिब्ब्याने भाजलेली कातडी पाहून हे कशाने झाले ते त्याला उमगायला हवे, कारण आजीने दुखऱ्या जागेवर बिब्बा लावला हे घरचे लोक दहादा विचारल्यावर सांगतात. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी पोराच्या डोळ्यात फुटली, हे ऐकल्याबरोबर, पुढचे काही विचारण्याआधी, डोळ्यावर पाण्याची धार धरा हे त्याच्या तोंडून निघायला हवे. देवघरातला कापूर खडीसाखरेसारखा दिसतो आणि लहान मुलाच्या पोटात गेला तर काही मिनिटांत झटके आणू शकतो. उलट फुटलेल्या तापमापीतला पाऱ्याचा थेंब गिळला तर सहसा पोटातून तसाच निघून जातो. लोक घाबरतात ते पाऱ्याला. प्रत्येक प्रदेशाची भीती वेगळ्या जागी चुकलेली असते, आणि ती जागा तिथेच राहणाऱ्याला ठाऊक असते.

विंचवाची गोष्ट तर महाराष्ट्रातलीच आहे. कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या दंशाने दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी एके काळी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरात, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या खाटेजवळ रात्र रात्र बसून हृदयावर काय परिणाम होतो ते टिपून ठेवले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यावर चालते हे दाखवले. मृत्यूचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांवर आले. त्यांचे लेखन लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये १९८० च्या दशकात छापले गेले, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, सगळे यथायोग्य झाले. मला मात्र राहून राहून वाटते की महाडचे ज्ञान लंडनला पोचायची वाट होती, पण त्याच रात्री दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरपर्यंत ते पोचवायचे काम बावस्करांनाच पत्रे लिहून, व्याख्याने देऊन करावे लागले. त्यांनी ते केले. प्रत्येक विषाच्या नशिबी असा डॉक्टर नसतो.

सापांच्या बाबतीत आता थोडी हालचाल दिसते. देशात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तो आधीच्या सरकारी आकड्यांच्या कितीतरी पट होता. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आणि १५४०० हा मदत क्रमांक सुरू केला, तो आधी पुदुच्चेरी, मध्य प्रदेश, आसाम, आंध्र प्रदेश आणि दिल्लीसाठी. परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरचे प्रतिविष बनवण्याची परंपरा ज्या राज्यात आहे, ते राज्य या पहिल्या पाचांत नव्हते. असो. फोन सुरू होतो आहे हे चांगलेच आहे. मात्र सापासाठी एक क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी दुसरा, विषासाठी दिल्लीचा तिसरा, असे क्रमांकांचे तोरण बांधले तर त्या दुकानातली बाई कोणता लावणार? तिला तर अजून हेही ठरवता आले नव्हते की आपल्यावर संकट आले आहे की नाही.

हे सगळे मी मामांना टप्प्याटप्प्याने सांगितले, कारण त्यांना एका वेळी फार ऐकवत नाही. नागपूर, पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत औषधशास्त्राचे आणि न्यायवैद्यकाचे विभाग आहेतच. त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी मिळून एक फोन चालवला, विक्रीला आलेल्या प्रत्येक कीटकनाशकाची आणि घरगुती रसायनाची घटकयादी कंपन्यांकडून घेऊन तिथे ठेवली, आणि तोच क्रमांक औषधाच्या डब्यावर, कृषिकेंद्राच्या पाटीवर, अंगणवाडीच्या भिंतीवर छापला, तर राज्याला हे जड जाऊ नये, असे माझे म्हणणे होते. घटकयादीवर माझा जोर होता तो भोपाळमुळे. १९८४ च्या त्या रात्री हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना हवेत कोणता वायू आहे हेच माहीत नव्हते, आणि कारखान्याच्या लोकांकडून पाण्याने डोळे धुवा यापलीकडे फारसे काही मिळाले नाही. विष ज्याने बनवले, त्याच्याच कपाटात त्याची माहिती राहू देणे हा उद्योगावर केलेला उपकार आहे, आणि तो सरकारलाच काढून घेता येतो. कोणताही दानशूर ट्रस्ट ते करू शकत नाही.

मामांनी घटकयादीचा भाग सोडून दिला. त्यांनी विचारले, ‘‘रातच्या दोनले उचलतीन का?’’

मी म्हटले, त्यासाठीच तर केंद्र. त्यावर ते बोटांवर मोजू लागले. तीन पाळ्यांची तीन माणसे. एक साप्ताहिक सुट्टीला बदली. एक कायम रजेवर किंवा निवडणुकीच्या कामाला. म्हणजे एका खुर्चीला पाच माणसे. पाच पदे मंजूर होतील, दोन भरली जातील, त्यांतला एक कंत्राटी असेल आणि त्याचा पगार मार्च महिन्यात अडकेल. मार्चमध्ये रात्री दोनला फोन उचलणारा कोणी नसेल, आणि एप्रिलमध्ये फोन कमी येतात म्हणून ती पदे रद्द होतील. एकोणचाळीस वर्षांच्या सरकारी नोकरीतून आलेला हा अंदाज त्यांनी अगदी शांतपणे, कसलाही कडवटपणा न ठेवता सांगितला. मी म्हटले, मग काय, मागायचेच नाही? ते म्हणाले, ‘‘मांग ना. पण फोन मांगू नको, पगार मांग. अन् कायम पद मांग.’’ मग त्यांनी उशाखालची वही काढली, तिच्या मागच्या पानावर दिल्लीचा तो क्रमांक मला मोठ्या अक्षरांत लिहायला लावला, आणि उद्या सकाळी औषधांच्या दुकानात जाऊन तो तिथल्या पोराला देऊन ये, म्हणून सांगितले.